उस्ता शिरजादचं तिसरं पडणं

हिवाळ्यात मोटारसायकल कशी चालवावी हे सराबकडच्या त्या डोंगरपट्ट्यात उस्ता शिरजादइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या साली उस्ता शिरजादइतकं कुणी पडलंही नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असावा, अशी करासू गावात बऱ्याच जणांची अटकळ होती. खुद्द शिरजादचीही होती. पण चहाच्या दुकानात बसून लोकांना शहाणपण वाटायची खोड एकदा लागली की ती गुडघ्यात शिरलेल्या थंडीसारखी असते. उन्हाळाभर पत्ता लागत नाही, हिवाळा आला की बरोबर उठते.

धंदा त्याचा बुखाऱ्या दुरुस्त करायचा, म्हणून तो उस्ता, म्हणजे कारागीर. रॉकेलवर जळणारी लोखंडी बुखारी, तिचं भिंतीतून बाहेर काढलेलं धुराडं, तेल ठिबकणारी तोटी आणि आत साचलेली काजळी, एवढं त्याचं जग. उन्हाळ्यात त्याला काळं कुत्रं विचारत नसे. पहिला बर्फ पडला की मात्र वरच्या नऊ गावांतून फोन सुरू व्हायचे. उस्ता, धूर घरात येतोय. उस्ता, ज्योत पिवळी पडलीय. उस्ता, कालपासून सगळी गोधडीतच बसलीत. रस्ता जितका वाईट तितकं काम जास्त, असा हा धंदा. "मी जर आइस्क्रीम विकत असतो," शिरजाद म्हणायचा, "तर देवानं करासूत उन्हाळाच ठेवला नसता."

या नऊ गावांना जोडणारा त्याचा एकच आधार म्हणजे एकशेपंचवीस सीसीची लाल मोटारसायकल. अकरा वर्षांची. टाकीचा रंग उडून तिथं हाताएवढे पत्र्याचे डाग दिसत होते, तरी घरात-दारात तिचं नाव 'लाल'च. मागं अवजारांची पेटी, पेटीत खोचलेला धुराडं साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश. लांबून येताना शेपूट वर केलेलं मांजर येतंय असं वाटायचं. हँडलच्या दोन्ही मुठींवर मेंढीच्या कातड्याच्या पिशव्या बांधलेल्या, लोकर आतल्या बाजूला. त्या त्याच्या बायकोनं, ताऊसनं, शिवून दिलेल्या. वारा शिरू नये म्हणून मनगटापाशी तिनं त्या अशा आवळल्या होत्या की हात आत सहज जायचा, पण बाहेर काढायचा तर आधी बोटं सोडायची, मग मनगट फिरवायचं, मग हळूहळू ओढायचा.

यदुल्लाच्या चहाच्या दुकानात शिरजादचा वर्ग भरायचा.

"छातीवर वर्तमानपत्र पायजे," तो सांगायचा. "दोन स्वेटर घातले तरी वारा आत येतो, कागदातनं येत न्हाई. पायांत मोजा, मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर बूट. टायरातली हवा जरा कमी. मागच्या टायरला सुती दोर गुंडाळायचा. पुढच्या ब्रेकला हिवाळ्यात हात लावायचा तो फकस्त पुसायला. दुसरा गिअर, पाय दोन्हीकडं खाली, बदकासारखे. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, त्याला खालनंबी वारं लागतं. आन् ज्या वळणावर ऊन पोचत न्हाई तिथं भर दुपारी गोठलेल्या पाण्याची काच असती. बर्फाला भ्यायचं न्हाई, काचेला भ्यायचं. दहाच्या आधी निघायचं न्हाई, तीनच्या नंतर रस्त्यावर ऱ्हायचं न्हाई."

यदुल्ला पेले विसळता विसळता विचारायचा, "उस्ता, पडायला एवढं सगळं पाळावं लागतं व्हय? आम्ही आपलं काय न पाळता पडतो."

लोक हसायचे. शिरजादही हसायचा, कारण बोलण्यात तथ्य होतं. त्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा पडला तो रोटीच्या दुकानासमोर. पुढचा ब्रेक का लावू नये हे तो चौघांना समजावत होता, आणि नीट समजावं म्हणून त्यानं तो लावून दाखवला. चौघांना समजलं. दुसऱ्यांदा तो उभ्या मोटारसायकलवरून पडला. घाईत पिशव्या बुटाच्या आत घालायच्या त्या बाहेरून घातल्या होत्या. स्टँड काढला, पाय टेकला, पाय गेला. पाठोपाठ तो गेला, आणि त्याच्यावर लाल आली. समोर तंदूरपाशी सहा बायका रोट्या लावत होत्या. त्यांतल्या एकीनं रोटी तंदूरमध्ये लावायच्या ऐवजी हातातच धरून ठेवली, एवढं ते बघण्यासारखं होतं.

त्या दिवशी खांदा निखळता निखळता वाचला. ताऊस मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून खांदा चोळत होती आणि चोळता चोळता तिचा हात जड होत गेला. त्या वेळी घरात तिचे चुलते बसनं दुपारपुरते आले होते, मश्दी हेबत. इमाम रझांच्या दर्ग्याला मश्हदला जाऊन आलेले म्हणून मश्दी. पण सगळे त्यांना अमूच म्हणायचे, अमू म्हणजे चुलता. तिच्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. ताऊसनं जेवणासाठी अंथरलेल्या फडक्यावरची रोटी उचलली, नवऱ्यापुढं धरली आणि म्हणाली, "हात ठेवा, उस्ता."

ती त्याला 'उस्ता' म्हणाली की शिरजादला समजायचं, आज खैर नाही. आणि तो तिला 'खानम', म्हणजे बाईसाहेब, म्हणाला की तिला समजायचं, ह्यालाही समजलंय.

"काय झालं, खानम?"

"दोनदा पडलात. तिसऱ्यांदा पडलात तर लाल विकायची. मला नवरा पायजे, मोटारसायकल न्हवं. ठेवा हात. अमू साक्षीला हायेत."

शिरजादनं रोटीवर हात ठेवला. रोटीची शपथ मोडणारा माणूस त्या मुलखात अजून जन्मायचा होता. अमूंनी मान हलवली, म्हणजे साक्ष नोंदली गेली.

त्या दिवसापासून शिरजाद बर्फावर असा चालवायचा, की जणू लालच्या टाकीवर अंडी मांडून ठेवलीत. लाल गेली म्हणजे काय होईल ते तो जाणून होता. वरच्या गावांना जाणारी मिनीबस दोन दिवस यायची, चार दिवस नाही. बुखारी मात्र बसचं वेळापत्रक बघून बिघडत नाही. आणि पोटाचं राहू द्या, लालवर बसलेला तो उस्ता शिरजाद होता. लालवरून उतरवलेला म्हणजे हातात काळा ब्रश घेऊन थांब्यावर कुडकुडणारा, पन्नाशी उलटलेला, किंचित फेंगडा इसम. एवढी स्वतःची किंमत त्याला कळत होती.

मोठा चिल्ला सरला, धाकटा लागला. थंडीचे चाळीस दिवस मोठ्याचे, वीस धाकट्याचे, पण धाकटाच खोडकर. तो थोरल्याला म्हणतो म्हणे, तुझ्याइतके दिवस मला मिळाले असते तर पाळण्यातली पोरं गोठवली असती. त्या धाकट्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला तो दाशबुलागहून. चौदा किलोमीटर वर, अमूंचं गाव. अमूंची बुखारी धूर ओकत होती आणि अमू दार सताड उघडं टाकून घोंगडीत बसले होते.

ताऊस काही बोलायच्या आतच तिचा चेहरा बोलला. नऊ वर्षं ती चुलत्याला सांगत होती, हिवाळा आमच्याकडं काढा. आणि नऊ वर्षं अमू एकच उत्तर देत होते, "पुतणीच्या दारात हिवाळा काढायला मी काय आई मेलेलं कोकरू हाय?" म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा. कुणाच्या घरी ओझं होऊन पडायचं नाही, हा हट्ट.

"जावा," ताऊस म्हणाली. "पण तीनच्या आत परत. आन् रोटी ध्यानात ठेवा."

शिरजादनं सगळं पाळलं. सोळा पानांचं वर्तमानपत्र छातीवर, पिशव्या बुटांच्या आत, टायरला दोर. साडेदहाला निघाला आणि बदकासारखे पाय टाकत बाराला दाशबुलागात पोचला. बुखारीत फार काही नव्हतं. धुराड्यात काजळी इतकी दाटली होती की आत घातलेला ब्रश बाहेर आला तो काळ्या मेंढीसारखा. अर्ध्या तासात ज्योत निळी झाली. मग हात धुतले, आणि तिथून पुढं सव्वादोन तास सभ्यतेत गेले.

कारण अमूंच्या घरून एका पेल्यावर उठणं म्हणजे चहा वाईट होता म्हणण्यासारखं. दुसऱ्या पेल्यावर उठणं म्हणजे घाई अमूंपेक्षा मोठी. तिसरा झाला तेव्हा मध आला. मध ज्या पोळ्यातला, त्या पोळ्याची गोष्ट आली. गोष्ट संपायच्या आत उठणं हे तर बापजन्मी कुणी केलं नव्हतं. शिरजाद भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा, मग अमूंनी बघितलं तर अपमान वाटेल म्हणून घड्याळाशेजारच्या कॅलेंडरकडं बघायचा. अखेर तीनला दहा कमी असताना तो उठला. आणि दारात बूट चढवताना त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे त्या मुलखात प्रत्येक माणसाच्या तोंडून निरोप घेताना जातंच.

"अमू, चला की आमच्याकडं. ताऊस डोळं लावून बसलीय."

याचं उत्तर ठरलेलं असतं. समोरच्यानं म्हणायचं, नको, तुला त्रास. आपण म्हणायचं, त्रास कसला. त्यानं म्हणायचं, पुन्हा कधी. असं तीनदा झालं की दोघंही मोकळे, आणि ज्यानं त्यानं आपल्या घरी राहायचं. नऊ वर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं.

अमू म्हणाले, "चल."

शिरजादचा एक बूट हातातच राहिला.

"म्हंजे, अमू... बस बंद हाय. मोटारसायकलवर..."

"मोटारसायकलवर कधी बसलो न्हाई मी," अमू म्हणाले आणि खुंटीवरची कोकराच्या कातड्याची टोपी घेतली. "पुतणीकडं दोन घास खाईन, उद्या येईन परत. धूर खाऊन घसा बसलाय."

आता बोलावणं मागं घ्यायचं कसं? तोंडातून गेलेलं आमंत्रण आणि धुराड्यातून गेलेला धूर परत आत घेता येत नाही, हे बुखारीवाल्याला कुणी सांगायला नको. शिरजादनं अमूंच्या छातीवर वर्तमानपत्र घातलं, बुटांत पिशव्या घातल्या, अवजारांची पेटी पुढं टाकीवर घेतली आणि म्हाताऱ्याला मागं बसवलं. सव्वातीन वाजले होते. आयुष्यभर शिकवलेला शेवटचा नियम दारातच मोडला.

आणि बसल्या बसल्या, किक मारायच्याही आधी, त्याला जाणवलं की आपली पाठ अमूंकडं झाली आहे.

वडीलधाऱ्याकडं पाठ करून बसणं म्हणजे बेअदबी. बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेला माणूसही वळून मागच्याची माफी मागतो, मग इथं तर बायकोचा चुलता. शिरजादनं मान वळवली. "अमू, पाठ तुमच्याकडं झाली, माफ करा."

"फुलाला कसली पाठ न् कसलं पोट," अमूंनी रीतीप्रमाणं उत्तर दिलं.

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण अमूंना आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकल मिळाली होती आणि त्यांना बोलायचं होतं. ते वाकून त्याच्या कानाशी विचारायचे, ही भिंत कुणाची, ते मेंढवाडं अजून नुसरतच्या पोरांकडंच का, जळलेलं झाड वीज पडून जळलं का कसं. अमूंना कमी ऐकू यायचं, तेव्हा उत्तर द्यायचं म्हणजे मान वळवूनच द्यायला लागायचं. मान वळवली की पुन्हा पुढं बघावं लागे. पुढं बघितलं की पुन्हा पाठ होई, आणि पुन्हा माफी. पाच किलोमीटरांत शिरजादनं सात वेळा माफी मागितली आणि सात वेळा तो फूल झाला.

तरी गाडी चालत होती. दुसरा गिअर, पाय खाली. ऊन डोंगरामागं गेलं तसा दुपारी पाझरलेला बर्फ आवळत चालला होता, टायरखाली करकरत होता. करकरतोय तोवर बरं, हे शिरजादचं शास्त्र. आवाज बंद झाला की समजायचं काच आली.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर आवाज बंद झाला.

हे वळण त्याला तोंडपाठ होतं. सगळ्या चहाच्या दुकानाला त्यानं ते तोंडपाठ करवलं होतं. तिथं चिल्ल्याचे साठही दिवस ऊन पोचत नाही. रेस सोडायची, ब्रेकला शिवायचं नाही, हँडल सरळ, श्वाससुद्धा सरळ. शिरजादनं हे सगळं केलं. लाल अल्लाद, चोरपावलांनी, काचेवरून निघाली. अजून दहा हात, मग वाळू टाकलेली होती.

तेवढ्यात अमू मागून म्हणाले, "जावई, लई तरास दिला बाबा तुला. भार झालो."

वडील माणूस असं बोललं की गप्प राहणं म्हणजे 'व्हय, झालात' म्हणणं. हे ऐकून घेणारा माणूस मेलेला बरा. शिरजादच्या आईनं त्याला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. त्याची मान आपोआप वळली. "अमू, काय बोलताय, डोईवर पाय तुमचा," म्हणत त्याचा उजवा हातही आपोआप निघाला, छातीवर ठेवायला.

हात निघाला, पण ताऊसच्या पिशवीतून निघाला नाही. मनगट अडकलं. हातानं छातीकडं जायचं ठरवलं होतं, सोबत पिशवी निघाली, पिशवीसोबत हँडल निघालं, आणि हँडलसोबत लाल.

इतक्या हळू जात होते की पडायलाही वेळ लागला. लाल आडवी होत गेली, गोल फिरली, बाजूच्या भुसभुशीत बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून बंद पडली. तिच्याखाली शिरजाद. चार हातांवर ढिगात मांडी घालून अमू, टोपी डोक्यावर जशीच्या तशी.

"पोचलो?" अमूंनी विचारलं.

"न्हाई, अमू. पडलो."

"आसं," अमू म्हणाले. "मला वाटलं, उतरायची रीतच अशी असंल."

"माफ करा, अमू."

"आता माफी कशाची? आता तर तोंड माझ्याकडंच हाय तुझं."

कुणाला काही लागलं नव्हतं. हेडलाइटची काच गेली होती, एवढंच. शिरजादनं पाय सोडवून घेतला आणि तो बर्फात तसाच बसून राहिला. छातीवर वर्तमानपत्र होतं, बुटांत पिशव्या होत्या, टायरला दोर होता. सगळे नियम अंगावर जागच्या जागी होते. फक्त हात छातीवर ठेवू नये, असा नियम त्यानं कुणाला सांगितला नव्हता. असा नियमही लागेल हे सुचणारा विद्यार्थी त्याला मिळाला नव्हता, आणि मास्तरालाही ते सुचलं नव्हतं.

मग त्याला रोटी आठवली.

"अमू," त्यानं हळूच विचारलं, "ह्याला पडणं म्हणायचं का?"

"मग काय म्हणायचं?"

"म्हंजे आपण थांबलो. जरा आडवं थांबलो."

अमूंनी नीट विचार केला. साक्षीचं काम ते हलक्यात घेणारे नव्हते. "मोटारसायकल कशी हाय?"

"आडवी."

"तू कुठं हुतास?"

"तिच्याखाली."

"मग तू पडलास. मी न्हाई पडलो. मी बसलो हुतो तसाच बसलोय, मोटारसायकल तेवढी निघून गेली."

"ताऊसनं विचारलं तर?"

"सांगीन."

"आन् न्हाई विचारलं तर?"

"तरी सांगीन. अठ्ठ्याहत्तर वरसं झाली, आता खोटं बोलायला कुणाकडं शिकायला जाऊ?" मग म्हाताऱ्याचा आवाज थोडा उतरला. "मी बोलायला नको हुतं. भार तो भारच, तोंडानं सांगितला काय न् न सांगितला काय."

शिरजादचा हात पुन्हा छातीकडं निघाला. या वेळी पोचला. "भार न्हवं, अमू. चूक माझ्या हाताची हाय."

राहिलेले आठ किलोमीटर दोघंही बोलले नाहीत. बेअदबी तर बेअदबी. पूल आला तेव्हा शिरजादनं अमूंना उतरवलं, लाल हातानं ढकलत पलीकडं नेली, पुन्हा बसवलं.

ताऊस फाटकाशी उभी होती. आधी तिला अमू दिसले आणि तिचं तोंड उजळलं. मग हेडलाइटची फुटलेली काच दिसली. अमूंनी साक्षीसाठी घसा खाकरला, पण शिरजादनं त्यांना पुढं जाऊ दिलं नाही.

"तिसरं," तो म्हणाला.

तिनं अमूंना हाताला धरून आत नेलं, बुखारीशेजारी तक्क्याला टेकवलं, पायांवर पांघरूण घातलं, चहा दिला. मग चहाच्या समावरापाशी बसून म्हणाली, "कसं?"

शिरजादनं पहिल्यापासून सांगितलं. आमंत्रण, फूल, वळण, हात. काहीच गाळलं नाही. ताऊसनं तोंड समावराकडं फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. शिरजादला वाटलं, रडतेय.

"म्हंजे हात छातीवर ठेवायला गेलात," ती तिकडं तोंड करूनच म्हणाली.

"व्हय."

"चालत्या मोटारसायकलवर."

"व्हय."

"बर्फावर."

"काचेवर," शिरजादनं दुरुस्त केलं. मरताना सुद्धा त्याची ही खोड जाणार नव्हती.

तिनं डोईवरच्या ओढणीनं डोळे पुसले आणि वळली, तेव्हा हसण्यानं तिचा चेहरा लालभडक झाला होता. पण बोलली ते हसत नव्हती. "रोटीवर हात ठेवलाय, उस्ता. लाल विकायची."

"विकू," शिरजाद म्हणाला. त्याला वाटलं होतं, आपण वाद घालू, नऊ गावांची नावं घेऊ, बसचं वेळापत्रक काढू. पण अकरा वर्षं ज्या बाईनं दर हिवाळ्यात फाटकाशी उभं राहून रस्त्याकडं कान लावला, तिला बसचं वेळापत्रक काय सांगायचं.

"गिऱ्हाईक कोण हाय?" अमूंनी विचारलं.

"बघू," शिरजाद म्हणाला. "यदुल्लाचा भाचा एकदा विचारत हुता."

"त्याला कशाला? मी घेतो."

"अमू," ताऊस म्हणाली, "तुमाला मोटारसायकल चालवता कुठं येती?"

"त्याला तरी कुठं येती?" अमू म्हणाले. "माझ्या दोन मेंढ्या हायेत शेजारच्या कळपात. दोन्ही नवरोजच्या आधी व्यायच्यात. त्या घ्या, मोटारसायकल माझी. माझी म्हणल्यावर कुणाला चालवायला द्यायची ते मी बघीन."

शिरजादच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. ताऊसच्या डोक्यात मात्र पडला, आणि म्हातारा बोलला त्यापेक्षा जास्त पडला. तिनं पेल्यात साखरेचा खडा टाकला, ढवळला, आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "घ्या की, अमू. पण एक अडचण हाय. रस्ता असा. तुमची मोटारसायकल दाशबुलागला कशी न्यायची? नवरोजपातुर, रस्ता मोकळा व्हईस्तवर, ती हितंच आमच्या गोठ्यात ऱ्हाणार."

"ऱ्हाऊ दे."

"मालक वर आन् जिन्नस खाली? ती बी ह्या माणसाच्या हातात?" ती नवऱ्याकडं अशी बघत होती, जसं आठवडी बाजारात दात मोजल्यावर म्हाताऱ्या खेचराकडं बघतात. "चावी कोण ठेवणार? तो कसा गेला, कसा आला, कोण बघणार? मला काय त्यातलं कळत न्हाई, अमू."

अमू दाढी कुरवाळत राहिले. बुखारी घुमत होती. बाहेर कुणीतरी छपरावरचा बर्फ फावड्यानं लोटत होतं, तो धपकन खाली पडला.

"बरं न्हवं ते," अखेर अमू म्हणाले. "जिनसेपाशी मालक पायजे. पण एक सांगून ठेवतो, मी पाव्हणा म्हून ऱ्हात न्हाई. माझ्या मोटारसायकलीपाशी ऱ्हातोय."

"आम्ही तरी कुठं बोलावलं तुमाला?" ताऊस म्हणाली, आणि पुन्हा तोंड समावराकडं फिरवलं. या वेळी ती खरंच रडत होती, पण शिरजादला वाटलं, हसतेय. एकाच दिवसात तो दोन्ही वेळा चुकला.

सौदा झाला. अमूंनी हात पुढं केला, शिरजादनं त्यावर हात मारला, अल्ला बरकत देवो म्हणाले. अकरा वर्षांचा मालक एका क्षणात नोकर झाला, आणि त्याला आतून इतकं हलकं वाटलं की त्याचीच त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या एका गावातून फोन आला. शिरजाद टोपी घालून अमूंपुढं उभा राहिला आणि त्यानं चावी मागितली. अमू काठी टेकत गोठ्यात आले. काठीनं टायर दाबून बघितला, दोराच्या गाठी मोजल्या, पिशव्या बुटांच्या आत आहेत ना ते बोट घालून पाहिलं. हँडलच्या मुठीवरच्या पिशवीचं मनगट ताऊसनं रातोरात उसवून सैल केलं होतं, त्यात स्वतः हात घालून काढून बघितला. मग चावी दिली. "आन् मागं कुणी वडील माणूस बसलं तर?"

"किक मारायच्या आधीच सगळी माफी मागून घ्यायची. मग गावात पोचेस्तवर मुका."

"तो बोलला तर?"

"बोलू द्यायचं."

अमूंनी मान हलवली.

यदुल्लाच्या दुकानात बातमी त्याच्या आधी पोचली होती. "उस्ता, मोटारसायकल विकली म्हणं."

"विकली."

"मग ही कुणाची बाहेर?"

"मालकाची."

"आन् तू?"

"ड्रायव्हर," शिरजाद म्हणाला आणि चहा मागवला. तेवढ्यात दोघं-तिघं सरकून जवळ बसले, तसा त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं छातीवरच्या वर्तमानपत्रापासून सुरुवात केली.

पण रस्त्यावर मात्र त्याला एक गोष्ट उमगली, आणि ती काही त्याला फारशी भूषणावह वाटली नाही. अकरा वर्षं स्वतःच्या मानेसाठी त्यानं ज्या उतारावर कधी वेग कमी केला नव्हता, तिथं आज दुसऱ्याच्या मडगार्डसाठी तो आपसूक हळू झाला. पुलाच्या अलीकडं तो उतरला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, मागं कुणी बसलं नव्हतं, तरी उतरला आणि लालला हातानं धरून, नव्या सुनेला उंबऱ्यातून आत आणावं तसं, काचेवरून नेलं. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. तो स्वतःच हसला.

तीनला पाच कमी असताना तो घरी आला. अमू खिडकीत बसले होते. ताऊसनं त्यांच्या पाठीशी दोन तक्के लावले होते आणि खिडकीच्या काचेवरची वाफ पुसायला एक फडकं दिलं होतं. त्यांनी खिडकी बोटभर उघडली.

"पुलापाशी उतरलास?"

"उतरलो."

"किती पावलं ढकललीस?"

शिरजादनं मोजली नव्हती. खोटा आकडा जिभेवर आला होता, तो त्यानं गिळला. "न्हाई मोजली, अमू."

"उद्या मोज," अमू म्हणाले आणि खिडकी लावता लावता आत वळून ताऊसला विचारलं, आज जेवायला काय केलंय.